विसाव्यानंतरचा हरिपाठ

2021 साली आळंदीला कार्तिक वद्य एकादशीच्या दिवशी मी तुळशीची माळ घातली आणि रोज संध्याकाळी हरिपाठाचे 27 अभंग म्हणण्याचा व महिन्यातल्या दोन्ही एकादश्या धरण्याचा नेम केला. जवळजवळ दीड वर्ष त्यात एकदाही खंड पडला नाही. पुढे आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि आमचा मुक्काम रुग्णालयात हलला.

हरिपाठाची पुस्तिका माझ्या पिशवीतच होती. पण औषधे, तपासण्या आणि रात्रीची जागरणे यांत ती सलग अकरा दिवस उघडली गेली नाही. एका सकाळी शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी मायेने पोहे पुढे केले. अर्धी बशी संपल्यावर समोरच्या दिनदर्शिकेकडे लक्ष गेले आणि त्या चौकटीत एकादशी दिसली. हातातला घास तसाच राहिला. घरी परतल्यावर मी गळ्यातली माळ उतरवली आणि पोथीच्या लाल कापडात बांधून ठेवली, कारण ती मिरवण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, असे मला मनापासून वाटत होते.

त्यानंतरचे पाच महिने मी चांगल्या दिवसाची वाट पाहण्यात घालवले. आषाढीला पुन्हा सुरुवात करू, मग दसऱ्याला करू, असे ठरत गेले आणि राहत गेले. अकरा दिवस परिस्थितीने नेले होते. हे पाच महिने मात्र मी स्वतः दवडले, आणि त्यांचेच मला आजही अधिक वाईट वाटते.

एका दुपारी आईला झोप लागली असताना ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडला. साधनेच्या वाटेवर निघालेला, पण मध्येच थांबलेला माणूस दोन्हीकडून जातो का, असे अर्जुन तिथे विचारतो, आणि माउली त्याच्या तोंडी अवेळी आलेल्या विरळ ढगाचा दृष्टान्त घालतात, जो टिकतही नाही आणि बरसतही नाही. माझीच अवस्था कोणीतरी सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. पण भगवंतांच्या उत्तरात, अशा माणसाला वाटेत विसावावे लागते एवढेच काय ते घडते, असे माउली सांगतात. या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. पालखीच्या वाटेवर ठिकठिकाणी विसावा असतो आणि तिथे पालखी टेकली म्हणून वारी मोडली, असे कोणताही वारकरी म्हणत नाही. 2020 साली करोनामुळे पायी सोहळा झाला नाही, तेव्हा माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या वर्षीही वारी चुकली, असे आम्ही कधी धरले नाही.

त्या दिवशी साधा बुधवार होता. संध्याकाळी माळ पुन्हा गळ्यात घातली, आईच्या उशाशी बसलो आणि हरिपाठ सुरू केला. पाच महिन्यांत जिभेची सवय गेली होती, त्यामुळे नवव्या अभंगापाशी मी अडखळलो. आईचे बोलणे तेव्हा नीट उमटत नसे, पण तिचे ओठ हलताना दिसले. मी वाकून कान जवळ नेला, तर ती पुढचा चरण म्हणत होती.