तुम्ही विचारलंत म्हणून : बालगृहात वाढदिवसाला काय न्यावं?

"मुलाचा वाढदिवस आहे, बालगृहातल्या मुलांना जेवण द्यायचंय, काय आणू?" नाशिकमध्ये संस्थांच्या फोनवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

जेवण द्या, पण शिजवून आणू नका. एप्रिलमध्ये सकाळी ११ ला गरमागरम भरून घट्ट झाकलेली पनीरची भाजी गंगापूर रोडच्या गर्दीतून दीडला पोचते आणि झाकण उघडताच आंबूस वास येतो. त्यापेक्षा शिधा द्या, तिथल्याच स्वयंपाकघरात शिजू दे. ४० मुलांच्या एका वेळच्या वरणभाताला ४ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ पुरते. द्राक्षांच्या हंगामात एकदम दहा पेट्या येतात आणि निम्मी द्राक्षं सडतात. दर आठवड्याला दोन पेट्या पाठवा.

दिवाळीत फराळाच्या डब्यांची रांग लागते. जूनमध्ये वह्या, बूट, रेनकोट लागतात, तेव्हा मात्र फोन वाजत नाही.

कपडे धुतलेले, चेन-बटणं शाबूत असलेले आणि वयाप्रमाणे गठ्ठे बांधलेले हवेत. आतले कपडे नवेच. सॅनिटरी पॅड द्यायला लोक लाजतात, पण हिशोब सोपा आहे: दिवसाला ४, पाच दिवस, म्हणजे एका मुलीला महिन्याला २०. वीस मुली असतील तर महिन्याला आठ पॅडच्या ५० पाकिटांची गरज.

केक कापतानाचे फोटो? ओळख पटेल असा मुलांचा फोटो कुठेही टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टेटसला लावलेला फोटोही यात येतो, 'आमचा हेतू चांगला होता' हे तिथे चालत नाही.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. १८ पूर्ण झाली की बालगृह सुटतं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून अनुरक्षणासाठी, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरच्या आधारासाठी, महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात, पण मंजुरीला वेळ लागतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम लागलं तरी पगार महिना भरल्यावर, आणि खोलीचं डिपॉझिट पहिल्याच दिवशी. शिवाय गॅसची शेगडी, दोन भांडी, गादी, सिटीलिंक या शहर बसचा पास. वाढदिवसाचं बजेट मोठं असेल तर अधीक्षकांना विचारा, यंदा १८ पूर्ण होणारी मुलं किती आहेत.