मंगलाष्टकात बंद पडलेला कॅमेरा

मे महिन्यात लग्न धरायचं कुणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, पण मावशीचं एकच, पेरणीच्या आत उरकलं पाहिजे. मग काय, जिंतूर तालुक्यातल्या त्या गावात 42 डिग्रीत आम्ही सगळे पत्र्याच्या शेडखाली शिजून निघालो. मुहूर्त 12:35 चा, अक्षता पडल्या दीडला, आमच्याकडं यात नवल नाही.

मावशी म्हणली शूटिंगवाला हाय, पण तू बी काढ, घरचं ते घरचं. माझ्याकडं खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा आहे, फोरके (4K), म्हणजे लई बारीक तपशिलाचा व्हिडिओ करतो म्हणून हौसेनं सेकंडहँड घेतलेला. नवरी मांडवात यायला लागली तेव्हा रेकॉर्डिंग चालू केलं, बॅटरी संपू नये म्हणून पॉवरबँक लावली आणि वर ते चामड्याचं कव्हर. स्क्रीनवर कोपऱ्यात थर्मामीटरसारखं काहीतरी लुकलुकायला लागलं, मला वाटलं चार्जिंगचं असंल. तिसरं की चौथं मंगलाष्टक चालू होतं, भटजी म्हणले सावधान, आणि स्क्रीन काळी. परत बटण दाबलं तर मेसेज आला, कॅमेरा गरम झालाय, गार होऊ द्या. खालून हात लावला तर चहाचा स्टीलचा पेला धरावा तसा चटका.

मग सल्ले सुरू. मामा म्हणले कुलरम्होरं धर. एक पोरगं तर थेट पाण्याच्या बाटल्यांच्या बर्फाच्या पेटीत ठेवायला निघालं, त्याच्या हातातून हिसकावून घेतला. बर्फातली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, तसाच कॅमेऱ्याला फुटतो, फक्त आत, लेन्सवर आणि सर्किटवर. कुलरचं पण तेच दुखणं, हवा गार पण ओली. साधा पंखा बरा.

शूटिंगवाला लांबून बघायला होता, त्याच्याजवळ एक पोरगं छत्री धरून उभंच. तो एवढंच म्हणला, "दादा, आधी त्याचं स्वेटर काढा की."

खरंय ते. या कॅमेऱ्यात पंखा नसतो, आतली उष्णता बॉडीतूनच बाहेर पडायची, आणि मी तिला चामड्यात गुंडाळलं होतं. त्यात फोरके म्हणजे एका फ्रेमला साधारण 83 लाख पिक्सेल, फुल एचडीला 21 लाखाच्या आसपास, म्हणजे चौपट काम, तेही सेकंदाला 25-30 वेळा, त्यामुळं चित्र टिपणारा सेन्सर आणि ते जुळवणारा प्रोसेसर दोन्ही तापतात. पॉवरबँकेनं बॅटरी चार्ज होत होती, तिची गरमी वेगळीच. घरी येऊन मॅन्युअल पहिल्यांदा उघडलं तर त्यात सरळ लिहिलंय, वापरायचं तापमान 0 ते 40 डिग्री. आमच्या मांडवातली सावलीच 42 ची! म्हणजे कॅमेऱ्याची तरी काय चूक. बंद पडला म्हणजे बिघडला असं नाही, जळू नये म्हणून तो स्वतःच बंद होतो. तरी मनाचं समाधान व्हावं म्हणून संभाजीनगरला एका दुकानात दाखवला, तो माणूस म्हणला काही झालेलं नाही, उगं पैसे घालू नका. असा दुकानदार भेटणं अवघड.

रात्री वरातीत परत चालू केला, चालला, पण गरमच होता, आणि फोटोत काळ्या आभाळात लाल-निळे ठिपके आले. सेन्सर तापला की अंधारात असे ठिपके उठतात, मला आधी वाटलं लेन्सवर गुलाल उडालाय.

नंतर गच्चीवर बसून कॅमेरा किती वेळात तापतो ते बघायचा उद्योग केला. संध्याकाळी पाचला उन्हात फोरके लावलं तर 9 मिनिटात थर्मामीटर आलं. दुसऱ्या दिवशी सावलीत, कव्हर नाही, पॉवरबँक नाही, वायफाय बंद, फुल एचडी, स्क्रीन बॉडीपासून उघडून बाहेर काढलेली, तर 25 मिनिटं झाली तरी काही नाही, मीच कंटाळून बंद केलं. मधे बंद करून बॅटरीचं झाकण उघडं ठेवलं की गार पण लवकर होतो. काही कॅमेऱ्यांत किती तापल्यावर बंद पडायचं ती सेटिंग असते, माझ्यात पण निघाली, ती 'हाय'वर (High) ठेवली की जास्त वेळ चालतो, पण मग ट्रायपॉडवरच लावायचा, हातात धरून बसलं तर कातडीला भाजू शकतं. आता बॅगेत कॅमेऱ्यापेक्षा मोठी छत्री असते, बायको हसते.

राहिलं ते मंगलाष्टक. बंद पडायच्या आधीची फाईल तेवढी सेव्ह झाली होती, 11 मिनिटांची. मावसभावाला पाठवली. त्याचा रात्री फोन, म्हणला दादा, यात अंतरपाट अजून खाली आलेलाच नाही, तुझ्या रेकॉर्डप्रमाणं मी अजून मोकळाच हाय की.