आज संकष्टी, चंद्रोदय किती वाजता?

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर हाच प्रश्न. उत्तर गावागणिक वेगळं. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे 6 अंशांवर, म्हणून तिथे चंद्र साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. नागपूरची वेळ धरून मुंबईत बसलात तर चंद्राआधीच पान वाढलं जाईल. शिवाय पंचांगातली वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. पूर्वेला डोंगर किंवा टॉवर असेल तर दर्शनाला आणखी उशीर. पावसाळ्यात तर ढगांमुळे दिसतच नाही. तेव्हा पंचांगाची वेळ झाली की पूर्वेकडे तोंड करून गंध, अक्षता, फूल घालून ताम्हनात अर्घ्य सोडायचं. दिसला नाही म्हणजे उगवला नाही, असं थोडंच आहे?

नोकरी, लग्न, मूल यांसाठी वर्षानुवर्षं चतुर्थी धरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 'इतक्या संकष्ट्यांत काम होईल' हा हिशोब मात्र मला पटत नाही. आकडा संपला की श्रद्धाही आटते. मागणं एकदाच, स्पष्ट बोलावं. मग 21 दूर्वा, अथर्वशीर्ष, आरती. आणि हो, बाप्पावर भार टाकला म्हणून अर्ज, मुलाखती, औषधोपचार थांबवायचे नसतात.

दिवसभर नुसत्या चहावर राहिलं की रात्री पित्त ठरलेलं. मध्ये ताक, केळं घ्या. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच उपास. 21 मोदक जमले नाहीत तर गूळखोबरं चालतं.