जर्मनीतले कपाट आणि घडीचे कपडे

जर्मनीत भाड्याचे घर घेतले की बहुधा रिकाम्या खोल्याच हाती येतात. भिंतीतले कपाट आणि वर लॉफ्ट ही पुण्यातली सोय इथे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे श्टुटगार्टला आल्यावर कपाटाचा सांगाडा आणि त्याच्या आतले सामान वेगवेगळे निवडावे लागले. आयकियाच्या पॅक्स या कपाटाचा सांगाडा 50, 75 किंवा 100 सेंटीमीटर रुंद आणि 35 किंवा 58 सेंटीमीटर खोल मिळतो. हँगर साधारण 45 सेंटीमीटरचा, म्हणून 58 ची खोली घेतली आणि दुकानातल्या नमुन्याबरहुकूम दोन दांडे बसवले. इथल्यांचे कपडे बरेचसे टांगण्याचे, आपले घडीचे, हे तेव्हा सुचले नाही.

आई कोथरूडहून आली आणि हँगरवरची पैठणी पाहून म्हणाली, "अगं, जरीच्या वजनाने विरेल ना ती! मलमलीत गुंडाळून ठेव, आणि अधूनमधून घडी मोडत जा." मग तिने शिवणाचा टेप काढून साडीची घडी मोजली, आणि एक दांडा उतरवून आम्ही तिथे फळ्या व दोन उथळ ड्रॉवर बसवले. सांगाड्याच्या बाजूंना दर 32 मिलिमीटरवर भोके असल्यामुळे एका संध्याकाळीच हे काम उरकले.

आता कोथरूडचे कपाट नव्याने करायचे आहे. आपल्याकडचा सुतार प्लायवूडच्या फळ्या खिळ्यांनी कायमच्या ठोकतो. त्याऐवजी 5 मिलिमीटरची भोके रांगेने पाडून घ्यावीत, म्हणजे फळ्या हव्या तशा हलवता येतात. आतल्या ड्रॉवरला पूर्ण बाहेर येणारे चॅनल, म्हणजे ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या, घ्यावेत, पण आधी बिजागरी पाहावी, कारण दार नव्वद अंशांपर्यंतच उघडत असेल तर ड्रॉवर दाराला अडतो. सरकत्या दारांमागे तर दोन दारांच्या मधोमध ड्रॉवर येऊच देऊ नये. तो कधीच पूर्ण उघडत नाही. तुळशीबागेतली प्लॅस्टिकची साडी-कव्हरे स्वस्त असली तरी पावसाळ्यात त्यांत दमटपणा कोंडतो, म्हणून सुतीच घ्यावीत.

भोकांचे ऐकून सुतारकाका फोनवर नाराज झाले. "ताई, आतली शोभा जाईल."

"दार लावल्यावर कोण बघतंय?" आई मागून म्हणाली, आणि भोके ठरली.