मारधाडीचा सिनेमा आणि जागं पोर

मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये रात्री मारधाडीचा सिनेमा लागला, की भिंतीकडे तोंड करून झोपवलेलं पोर जागंच असतं. चित्र दिसत नाही, किंकाळी ऐकू येते. उरलेलं ते मनातच रंगवतं, आणि ते जास्त भयंकर असतं. नुसता आवाज कमी करून भागत नाही, हेडफोन लावा.

थिएटरला जाण्याआधी सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून ‘यूए’चे वयानुसार ७+, १३+, १६+ असे भाग झालेत. ‘ए’ला अठराखालच्यांना प्रवेशच नाही, ‘यूए’त निर्णय पालकांचा.

पोर घाबरलं, तर ‘खोटं असतं रे’ एवढ्यावर सोडू नका. सिनेमातलं खोटं रक्त घरीच बनवून दाखवा: वाटीत साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको त्याच्याच हातून कालवून घ्या. कोको विसरलात, तर रक्त सरबतासारखं दिसतं!