स्पिटफायर हवी होती, हेराल्ड मिळाली

मला हवी होती स्पोर्ट्‌स कार. कॉलेजात असताना एका जुन्या इंग्रजी मासिकात ट्रायम्फ स्पिटफायरचा फोटो पाहिला होता. लाल, दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नाही. तो कापून लॉगरिदमच्या टेबलांच्या पुस्तकात ठेवला. पुढे हायस्कुलात गणित शिकवायला लागलो आणि असल्या गाडीची किंमत माझ्या पगाराच्या कुठल्याच समीकरणात बसत नाही हे कळलं. पण फोटोसोबतच्या लेखातली एक ओळ डोक्यात राहिली होती : स्पिटफायरची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, ही ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीची चेसिस, आखूड केलेली. दोन्ही गाड्यांचं रूप एकाच माणसानं रेखाटलेलं, इटलीच्या जिओव्हान्नी मिकेलोत्तीनं. आणि हेराल्ड आपल्याकडे होत्या की! मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून त्या ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावानं बनत होत्या. म्हणजे स्वप्नातली नाही, तर निदान तिची थोरली बहीण.

ती सापडली माशेलजवळच्या एका जुन्या घराच्या मागे, माडाच्या झावळांच्या मांडवात. दोन दारांची, नंबर जुना जीडीए मालिकेतला, म्हणजे गोवा-दमण-दीव एकत्र असतानाचा. मागच्या सीटवर कोंबडीनं संसार थाटलेला. पंचावन्न हजारांत सौदा ठरला. बायको एवढंच म्हणाली, “कोंबडी पण देतायत का?”

कुणी असली गाडी घ्यायला निघालं असेल तर गंज नंतर बघा, कागद आधी बघा. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, वारस चार आणि त्यातला एक लिस्बनला. आधी वारसाच्या नावावर गाडी चढवायचा फॉर्म ३१, मग विक्रीचे २९ आणि ३०. यातच आठ महिने गेले. पण वाट पाहिली हे बरं केलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. त्यात नव्यानं नोंदणी केली तर व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, फी वीस हजार. आधीपासून नोंदलेली गाडी मात्र जुना नंबर ठेवू शकते. तो जीडीए नंबर मला लाल रंगापेक्षाही प्यारा झाला होता.

पैशांचा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहिला. महिन्याला साडेचार हजार, त्यावर एक रुपया नाही. एखादा महिना काहीच घेतलं नाही तर उरलेले पुढे ओढायचे, पण पुढच्या महिन्यातून उसने घ्यायचे नाहीत. या नियमामुळे काम साडेतीन वर्षं लांबलं आणि या नियमामुळेच घरात भांडण झालं नाही.

आता मूर्खपणा सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवसांत अख्खी गाडी खोलून टाकली. हेराल्ड खोलायला सोपी. पुढचं तोंड, मडगार्डसकट, एकच बॉनेट म्हणून पुढे उलटतं आणि इंजिन टेबलावर ठेवल्यासारखं समोर येतं. बॉडीचे भाग एकमेकांना बोल्टनं जोडलेले, छप्परसुद्धा बोल्टवर. त्यामुळे मी सुटलोच. नट-बोल्ट आंब्याच्या रसाच्या रिकाम्या डब्यांत टाकत गेलो, एकावरही चिठ्ठी नाही. वर सगळे बोल्ट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसतो असं वाटतं. मिलिमीटरच्या तीन दशांशाचा फरक, पण जोर लावला की नटाचे कोपरे गोल. इंची पान्यांचा संच घेईपर्यंत अकरा नट गोल केले होते. पुढे डब्यातला कुठला बोल्ट कुठला हे शोधण्यात उन्हाळ्याची अर्धी सुट्टी गेली. आजही एका डब्यात सात बोल्ट उरलेत आणि गाडी चालते आहे. या सात बोल्टांचा विचार मी करत नाही.

मग जून आला. गोव्याच्या पावसाबद्दल गोव्याबाहेरच्यांना एवढंच सांगतो : संध्याकाळी पत्रा घासून चकचकीत करावा आणि सकाळी त्यावर केशरी शेवाळ यावं तसा गंज दिसावा. तेव्हापासून हाताभर जागेपेक्षा जास्त घासायचं नाही आणि जेवढं घासलं त्याला त्याच दिवशी प्रायमर मारायचा, असं ठरवलं. लहान भागांसाठी मात्र बिनखर्चाची युक्ती सापडली. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज काळा होऊन सुटतो, ब्रशनं निघतो. पट्टी स्टेनलेसची वापरू नये, क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी. पिंप उघड्यावर ठेवावं, कारण हायड्रोजन निघतो. आठवीच्या मुलांना हा प्रयोग दाखवला तर विज्ञानाच्या बाई माझ्यावर रुसल्या, त्यांचा धडा मी पळवला म्हणून.

चेसिस तपासली तेव्हा घाम फुटला. मधला कणा चांगला होता. पण कण्यातून दोन्ही बाजूंना निघालेले हात, ज्यांवर बॉडी टेकते ते आउटरिगर, त्यांतले चार बोटानं दाबले तरी चुरत होते. बॉडी उचलून सगळे एकदम कापायचे हाच माझा बेत होता. तो ऐकून मेस्त ओरडला.

मेस्तबद्दल सांगायला हवं. म्हार्दोळच्या बाजूला त्याचं गॅरेज होतं, आता मुलगा चालवतो. वय ऐंशीच्या आसपास. मी त्याला मेस्त म्हणतो, तो मला मास्तर. त्यानं तरुणपणी असल्या गाड्या हाताळलेल्या. त्याचं म्हणणं : बॉडी वर असू दे, दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी आडवी पट्टी टाकून ती बांध, आणि एका वेळी एकच हात काप. त्या जागी नवा हात बसला, दाराची फट मोजली, मगच दुसरा. नाहीतर गाडी केळ्यासारखी वाकेल आणि दारं जन्मात लागणार नाहीत. मी फटी मोजून वहीत लिहिल्या. नवे आउटरिगर खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याकडून दोन मिलिमीटरच्या पत्र्यातून वाकवून घेतले. त्यानं आधी विचारलं, “सर, हे कुठल्या खिडकीचं?”

वेल्डिंग मी स्वतः शिकलो असं अभिमानानं सांगितलं असतं, पण जाड पत्र्यापुरतंच ते खरं आहे. साध्या आर्क वेल्डिंगनं बॉडीचा पातळ पत्रा जोडायला गेलो की भोक पडायचं, भोक बुजवायला गेलो की मोठं भोक. शेवटी पातळ कामासाठी एका माणसाला रविवारी बोलावू लागलो. त्याच्याकडे सीओटूवर चालणारं मशीन होतं. तोही सलग ओढत नाही, टाका टाका देतो, मध्ये थांबतो, पत्रा तापून वाकू नये म्हणून. कापून-घासून सगळी तयारी मी करून ठेवायचो, तो फक्त जोडायचा. मजुरी निम्म्यावर आली.

इंजिन अडकलेलं होतं. चार सिलिंडर, ९४८ सीसी, पस्तीस अश्वशक्तीच्या आसपासचं साधं यंत्र. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल ओतून रोज सकाळी शाळेला जाण्याआधी पान्यानं पुली हलवून बघायची. तेराव्या दिवशी ती वितभर फिरली. त्या दिवशी नववी ब ला गृहपाठ दिला नाही.

ब्लॉक आणि हेड टेम्पोत घालून चोर्ला घाटातून बेळगावला नेलं. उद्यमबागेत अशी कामं अजून होतात. सिलिंडरचा बोअर तीसच्या ओव्हरसाइजला, म्हणजे इंचाच्या तीस हजारांशानं मोठा, गेला, क्रँक ग्राइंड झाला, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होताना ज्यांवर टेकतात त्या सीटा कडक धातूच्या बसवून घेतल्या. ही शेवटची गोष्ट दिसत नाही, तिचं बिल मात्र दिसतं, म्हणून बरेच जण टाळतात. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर वाढलेलं. आपल्याकडे २००० सालापासून ते मिळत नाही, आणि शिशाशिवाय जुन्या सीटा झिजत जातात. आता तर पेट्रोलमध्ये इथेनॉलही आलं, तेव्हा इंधनाचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घातले.

आणि मग ट्रनियन. पुढच्या चाकाचा सगळा भार खाली एका पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो, तो हा ट्रनियन. स्टिअरिंग वळवलं की आटा थोडा फिरतो, बस्स. मी कौतुकानं ग्रीसगन घेऊन बसलो होतो. मेस्त खुर्चीवरून म्हणाला, “मास्तर, ग्रीस न्हय. तेल.” ग्रीस आत गोठतं, खालपर्यंत उतरत नाही, पाणी शिरतं, लोखंडी आटा गंजतो आणि एक दिवस वळणावर चाक आडवं होतं. तिथे गिअरचं नव्वद नंबरचं तेलच घालायचं. उजवी बाजू उघडली तर आधीच्या कुणीतरी वर्षानुवर्षं ग्रीस भरलेलं, आटे खाल्लेले. हा भाग इथे मिळेना. पण स्पिटफायरवाल्यांसाठी इंग्लंडात तो अजून बनतो! दोन्ही बाजूंचे मागवले. एकाचे आटे सुलटे, दुसऱ्याचे उलटे, हे ध्यानात ठेवून. कस्टम ड्यूटी भरताना चार महिन्यांचं बजेट गेलं, पण त्या फोटोतल्या लाल गाडीनं पहिल्यांदा मला काहीतरी दिलं होतं.

वायरिंगचा माझा अपघात सांगायलाच हवा. लुकस या इंग्रजी कंपनीच्या वायरिंगला रंगांची शिस्त असते : तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. ती शिस्त मी पाळली. माझ्या गाडीत अर्थ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली, हेही सांभाळलं. सगळं जोडलं, बायकोला बोलावलं, सेल्फ मारला. इंजिननं एक आळस दिल्यासारखा आवाज केला आणि डॅशबोर्डाखालून धूर. चोकची तार लाल झाली होती! इंजिन रबरी पायांवर बसतं, म्हणून त्याला चेसिसशी जोडणारी अर्थची जाड पट्टी लागते. ती मी बसवलीच नव्हती. रसाच्या डब्यात होती. सेल्फचा सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या तारेतून वाट काढत होता. पट्टी बसवली, दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं. आई आतून म्हणाली, “बंद कर, दिवा लावायची वेळ झाली.”

रंगाचं थोडक्यात. आरसीवर रंग करडा. बदलायचा तर आरटीओची नोंद लागते, आणि व्हिंटेजच्या तपासणीला मूळ रूपाच्या जितकं जवळ तितकं बरं. तेव्हा लाल गेला. रंग जानेवारी-फेब्रुवारीतच मारावा. दमट हवेत डुको, म्हणजे गाडीचा फवारायचा रंग, धुरकट पांढरा पडतो. लांबी (पुट्टी) भरणं आणि पॉलिशपेपर मारणं मी केलं, फवारा पेंटरनं. डाव्या दारावर जवळून पाहिलं तर माझी लांबी लाटांसारखी दिसते. जवळून पाहू नये.

हिशेब असा : गाडी ५५,०००, चेसिस आणि पत्रा ४८,०००, इंजिन ४२,०००, बाहेरून आणलेले भाग ३१,०००, टायर-बॅटरी-वायरिंग २९,०००, रंग २६,०००, बसायच्या सीटा ९,०००. एकूण २,४०,०००. गाडीची किंमत वगळली तर बेचाळीस महिन्यांच्या साडेचार हजारांतून चार हजार उरले. पूर्ण पैसे देऊन गॅरेजात टाकली असती तर मला वाटतं निदान दुप्पट गेले असते. माझे रविवार यात धरलेले नाहीत.

छप्पर सर्वात शेवटी बसणार होतं, त्याची नवी रबरं यायची होती. त्या मधल्या आठवड्यात एका संध्याकाळी बायकोला बाजूला बसवलं आणि अंगणातून भाटापर्यंत, म्हणजे माडांच्या बागेपर्यंत, आणि परत, अशा फेऱ्या मारल्या. या गाडीला वळायला पंचवीस फूट पुरतात. तुळशीवृंदावनाला वळसा घालून एका दमात फिरते, रिव्हर्स नाही. वर आकाश, माड, आणि वटवाघळं निघालेली. पाचव्या फेरीला बायको म्हणाली, “लाल नाही ते बरंच झालं.”

रबरं आली. आरटीओच्या तपासणीआधी छप्पर चढवलं. बोल्ट पुन्हा कधी काढावे लागले तर अडू नयेत म्हणून प्रत्येकाला ग्रीस लावत होतो. मेस्त खुर्चीवर बसून बघत होता.

“हांगा ग्रीस चलता,” तो म्हणाला.