आमची वाटचाल : आधी ऊन, मग मांडव

पिंपळगाव बसवंतला माझ्या सासऱ्यांचं मंडपाचं दुकान होतं. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. बांबू, कनाती, सतरंज्या, 400 खुर्च्या आणि एक जुना टेम्पो, एवढाच पसारा. 2011 साली मी त्याला स्वयंपाकाचं काम जोडलं आणि मांडवापासून पंगतीपर्यंतचं पहिलं अख्खं लग्न अंगावर घेतलं. ते नेमकं डिसेंबरातलं.

आमच्या निफाड तालुक्यात काही वर्षी पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. त्या लग्नात हळद सकाळी सातला ठेवली होती. लॉनवर रात्रभर दव पडलेलं, सतरंज्या ओल्या. नवरीच्या अंगावर पाणी पडलं तेव्हा तिचे दात वाजत होते. मुहूर्त गोरज. नवरदेव मारुतीच्या पाया पडून येईपर्यंत दीड तास उलटला आणि पंगत बसली साडेआठला. पुऱ्या चामट झाल्या, वरणावरचं तूप ताटातच थिजलं. मागे भट्टीची ज्योत मंदावत चालली होती. सिलिंडरवर पांढरं दहिवर धरलं होतं आणि आचारी माझ्याकडे बघत होता. मी त्या रात्री रडले.

दुसऱ्या दिवशी कनाती उतरवताना दादा एवढंच म्हणाले, “पोरी, मुहूर्त पाहिलास, ऊन कुठे पाहिलंस?”

तेव्हापासून बुकिंग घेण्याआधी मी जागेवर जाते, तेही लग्नाच्याच वेळेला. सकाळी ऊन कुठल्या बाजूने येतं, साडेचारला सावली कुठवर सरकते, वारा कुठून शिरतो, हे उभं राहून बघते. हळद नऊनंतर, उन्हाच्या तुकड्यात. आंघोळीच्या पाण्याचा बंब पहाटेच पेटवायचा. सतरंजीखाली ताडपत्री, म्हणजे गवताची ओल वर चढत नाही. आजी-आजोबांच्या खुर्च्या कनातीला लागून आणि जेवणाच्या जागेजवळ. त्यांना स्टेजसमोर पहिल्या रांगेत बसवण्याचा मान आम्ही थंडीत मोडतो, आणि घरच्यांना त्याचं कारणही सांगतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारासच मावळतो. म्हणून गोरज मुहूर्त असेल तर वाजंत्रीवाल्यांना तासभर आधीची वेळ देतो आणि म्हाताऱ्यांची, लहान मुलांची पहिली पंगत अक्षता पडल्या पडल्या बसवतो.

गॅसचंही कोडं उलगडलं. थंडीत टाकीतल्या द्रवाचा वायू सावकाश होतो, त्यात मोठी भट्टी जोराने ओढत राहिली की टाकी आणखी गार पडते. आता आम्ही तीन-चार टाक्या एकत्र जोडतो, म्हणजे एकीवरच ताण येत नाही. मठ्ठ्याऐवजी टोमॅटोचं गरम सार देतो, पुऱ्या पंगतीच्या शेजारीच तळतो. वांग्याची भाजी आणि बुंदी मात्र तीच. तिला हात लावायची माझी हिंमत नाही! मोगरा उन्हाळ्याचा, हे नवरीला पहिल्याच भेटीत सांगते. शेवंतीची वेणी थंडीत जितकी टवटवीत राहते तितकं दुसरं काही राहत नाही.

आमचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला की बरीच घरं थांबतात ती थेट संक्रांतीपर्यंत. जानेवारीपासून द्राक्षांची काढणी, म्हणून बागायतदारांची घाई आधीच्या तीन-चार आठवड्यांत. मधल्या महिन्यात आमची पोरं बागेत मजुरीला जातात आणि आम्ही कनाती धुऊन शिवून ठेवतो.

2016 ला 8 नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या, तेव्हा तुळशीची लग्नं तोंडावर होती. लग्नघराला बँकेतून अडीच लाख काढायची मुभा नंतर मिळाली, पण रोख कोणाकोणाला द्यायची त्याची यादीसुद्धा द्यावी लागे. किराणावाल्याने उधारीवर माल दिला म्हणून वाढप्यांची घरं चालली. 2020 च्या हिवाळ्यात 50 माणसांत लग्नं लावली. तेही निभावलं.

26 नोव्हेंबर 2023 मात्र विसरत नाही. त्या दिवशी तालुक्यात गारा पडल्या. 28 तारखेच्या लग्नाचा आमचा मांडव अर्धा आडवा झाला होता. मुलीचे वडील आले, त्यांच्या बागेतल्या द्राक्षांच्या घडांचं काय झालं ते मी विचारलंच नाही. ते म्हणाले, “ताई, 800 ताटांची 300 करा.”

लॉनवर चिखल होता. दादा म्हणाले, द्राक्षांचं पॅकिंग शेड आत्ता रिकामं असेल. हंगाम सुरू व्हायला महिनाभर होता, मालकाने किल्ली काढून दिली. खाली कोरडा कोबा, वर पत्रा, तिन्ही बाजूंनी भिंती. आम्ही रात्रभर शेवंतीच्या माळा लावल्या. उघड्या बाजूने सकाळचं ऊन थेट हळदीच्या पाटावर आलं. इतकं ऊबदार लग्न मी थंडीत आजवर केलं नाही.

हळद लागल्यावर मुलीचे वडील दिसेनात. शोधत गेले तर ते बागेत होते, पिवळ्या हातांनी, उरलेले घड बुरशीपासून वाचवायला फवारणीचं पाणी कालवत. अक्षतांना मात्र वेळेवर उभे होते.

राहिलेली रक्कम त्यांनी मार्चमध्ये आणून दिली, सोबत वाचलेल्या द्राक्षांची एक पेटी. पुढच्या हिवाळ्यापासून आम्ही दोन शेडवाल्यांशी आधीच बोलून ठेवतो.